सामाईक बांध

वडाच्या झाडाखाली एक लाकूडतोड्या निजला आहे. कुऱ्हाड खोडाला टेकलेली आहे, उशाशी शिदोरीचे गाठोडे आहे, माथ्यावर असंख्य पारंब्यांचे जाळे लोंबते आहे, आणि या साऱ्या निवांत देखाव्याखाली बारीक टंकात छापले आहे की, या चित्रात सात वस्तू दडलेल्या आहेत, त्या शोधून काढा : किल्ली, कंगवा, मासा, पोपट, बूट, छत्री आणि समई. पैकी सहा वस्तूंभोवती शिसपेन्सिलीची वर्तुळे आहेत. ती माझ्या थोरल्या बहिणीने काढलेली आहेत. कागद पिवळा पडला, कडा झिजल्या, तरी पान उजेडाकडे तिरके धरले म्हणजे शिसाची ती फिकट चमक अजूनही डोळ्यांना जाणवते. सातव्या वस्तूभोवती वर्तुळ नाही. पानाच्या तळाशी 'उत्तर पुढील अंकी' असे आश्वासन आहे. परंतु पुढील अंक आमच्या घरी आलाच नाही, की आला आणि गहाळ झाला, हे सांगू शकणारी एकमेव व्यक्ती म्हणजे माझी ताई, आणि ती आता हयात नाही. मासिकाचे नाव सांगावे तर मुखपृष्ठ आणि पहिली काही पाने वाळवीने केव्हाच नेली आहेत. पाच तपांहून अधिक काळ ती समई त्या वडात कुठे तरी उभी आहे, एवढेच खात्रीने म्हणता येते.

हे बांधीव पुस्तक यंदाच्या श्रावणात पुन्हा हाती आले. पनवेलच्या पूर्वांगाला, गाढी नदीच्या काठच्या विचुंबे गावी, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी राहतो; माथेरानच्या उतारांवरून उतरणारी ही नदी पावसाळ्यात अशी काही ओल घेऊन येते की, पत्र्याच्या पेटीतील कागदसुद्धा हाताला दमट लागतात, आणि म्हणून पावसाने दोन दिवसांची उघडीप दिली की पेटीतील दस्तऐवज, दाखले, जुन्या पावत्या आणि पुस्तके गॅलरीत वर्तमानपत्रावर मांडून त्यांना ऊन दाखवण्याचा माझा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे. माझी आठ वर्षांची नात सुट्टीसाठी आली होती. फेरफाराच्या नकला आणि खरेदीखतांच्या प्रती यांच्यामध्ये पडलेले ते पुस्तक तिने उचलले, चित्राचे पान उघडले, यादी वाचली आणि मला विचारले, ''आबा, किती सेकंदांत शोधायचं?''

त्या प्रश्नाने मी क्षणभर स्तब्ध झालो. मुलांच्या हातातील मोबाइलवर अशी चित्रे आता रोज येतात हे मला ठाऊक आहे. बर्फातील घुबड, पानांतील बेडूक, पुस्तकांच्या मांडणीत लपलेली मांजर. आणि प्रत्येक चित्राच्या माथ्यावर दहा सेकंदांची किंवा पाच सेकंदांची मुदत घातलेली असते, तिच्या आत जो शोधील तो अत्यंत बुद्धिमान, असा निर्वाळाही बरोबर दिलेला असतो. मला त्या चित्रांविषयी काही तक्रार नाही. त्यांतील पुष्कळशी सुंदर असतात. परंतु मुदत घालण्याने त्या खेळाचा जीवच जातो असे माझे ठाम मत आहे. आमच्या लहानपणी त्या खेळाची मुदत एक महिन्याची असे. अंक आला की पहिल्या दिवशी तीन वस्तू सापडत, दुसऱ्या दिवशी एखादी, आणि मग शेवटच्या एकदोन वस्तूंसाठी ते पान दिवसचे दिवस घरात या खिडकीतून त्या खिडकीत फिरत राही. जेवताना, दिवेलागणीला, परवचा म्हणताना मनाच्या एका कोपऱ्यात ते चित्र उघडेच असे. व्यासमहर्षींनी महाभारत सांगताना लेखनिक गणेशाची लेखणी क्षणभर थांबावी म्हणून मधून मधून कूटश्लोक घातले आणि त्यांची संख्या ८,८०० आहे, अशी आपल्याकडे परंपरा सांगते. त्या कथेचा अर्थ मला असा वाटतो की, गाठ मारणाऱ्याला लेखनिकाची परीक्षा पाहायची नव्हती. वेगाने धावणारा हात एखाद्या ठिकाणी रेंगाळावा आणि रेंगाळता रेंगाळता त्याला काय लिहितो आहे ते उमजावे, एवढीच त्याची अपेक्षा होती. चित्रातील कूटही डोळ्यांना असेच रेंगाळायला लावते.

नातीला मी म्हणालो, ''मुदत नाही. सापडेपर्यंत.'' तिला ते चमत्कारिक वाटले असावे, पण ती बसली.

या चित्रांची रचना कशी होते, हा विषय मला फार वर्षांपासून ओढ लावीत आला आहे, आणि त्याला कारण माझी नोकरी आहे. मी भूमिअभिलेख खात्यात होतो. भूकरमापक म्हणून रुजू झालो आणि त्याच खात्यातून बाहेर पडलो. रेषेशी माझा जन्मभराचा संबंध आला. ३३ फुटांची, १६ आण्यांत विभागलेली साखळी जमिनीवर ताणून ज्यांनी या मुलखातील शेते मोजली त्या जुन्या मंडळींच्या हातची टिपणे मी वाचीत असे, आकारबंद पाहत असे, फाळणीचे नकाशे उलगडीत असे; आणि या साऱ्या दप्तरात जर कोणती एक गोष्ट मला पुनःपुन्हा विचारात पाडीत असेल तर ती सामाईक बांधाची. दोन शेतांमधला बांध हा एकच असतो. नकाशावर तो एका रेषेने दाखवलेला असतो. परंतु अलीकडच्या खातेदाराला विचाराल तर तो बांध त्याच्या शेताची कड असतो, आणि पलीकडच्याला विचाराल तर त्याच्या शेताची; दोघेही खरे बोलत असतात. भांडण तेव्हाच उद्भवते, जेव्हा त्या एका रेषेवर एकट्याचीच मालकी सांगितली जाते.

लपलेल्या वस्तूंचे चित्र म्हणजे सामाईक बांधांचे चित्र आहे. लाकूडतोड्याच्या धोतराची जी चुणी आहे, तीच उलट्या बाजूने पाहिले तर बुटाच्या टाचेची कड आहे. वडाच्या ढोलीची वरची कमान हीच पोपटाच्या पाठीची रेषा आहे. चित्रकाराने काहीही झाकलेले नसते. सारे उघड्यावर असते, पूर्ण आकारात असते, पुष्कळदा बाकीच्या वस्तूंपेक्षा मोठे असते. त्या चित्रातील कंगवा लाकूडतोड्याच्या पायाएवढा आहे. असे असून तो आपल्याला दिसत नाही, कारण ती रेषा आपण आधीच दुसऱ्या कोणाच्या नावे लावून मोकळे झालेलो असतो. डेन्मार्कमधील मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन यांनी १९१५ साली हीच गोष्ट एका साध्या आकृतीने दाखवली. तिच्यात एक फुलदाणी दिसते किंवा समोरासमोर असलेले दोन चेहरे दिसतात. दोन्ही एका वेळी मात्र दिसत नाहीत, कारण दोहोंच्या मधली कड आपली दृष्टी एका वेळी एकाच पक्षाला बहाल करते आणि उरलेला पक्ष नुसती पार्श्वभूमी म्हणून मागे सरतो. ज्याचे नाव आधी लागले त्याचीच नोंद डोळा कायम धरतो. फेरफार करायला तो सहजी तयार होत नाही. आणि एकदा तो झाला, एकदा का ढोलीच्या जागी पोपट दिसला, की मग पूर्वीची नोंद पुन्हा जशीच्या तशी उभी करणे अशक्य होते. ताईने वर्तुळे काढली नसती तरी त्या सहा वस्तू मला आज झाडात दिसल्याच असत्या. लहानपणी मी त्या एकदा पाहिल्या आहेत, तेवढे पुरेसे आहे.

चित्र काढणारे लोक कामाला कसे लागतात हे त्यांच्या चित्रांवरूनच ओळखता येते. झाडाची साल, दाट पाने, लुगड्याचा घोळ, गवताची गंजी, म्हाताऱ्याची दाढी, पाण्याच्या लाटा, अशी जिथे पुष्कळ रेषा असण्याला सबळ कारण आहे तीच स्थळे ते निवडतात, म्हणजे दोन रेषा अधिक झाल्या तरी त्यांची कोणी विचारपूस करीत नाही. वस्तू ते आडवी करतात, उलटी करतात, तिचे प्रमाण मोडतात. शोधणाराही हळूहळू शहाणा होतो. पान उलटे धरून पाहावे. जिथे रेषा विनाकारण वळली आहे तिथे थांबावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वस्तूंकडे न पाहता वस्तूंच्या मधल्या जागेकडे पाहावे, हे त्याला अनुभवाने कळते. डोळ्याची घडणही त्याला हेच शिकवते. हात लांब करून अंगठा समोर धरला तर त्याच्या रुंदीएवढाच प्रदेश आपल्याला खरोखर स्पष्ट दिसत असतो. बाकीचा सारा विस्तार अस्पष्ट असतो, आणि डोळा सेकंदाला तीनचार उड्या मारीत त्या विस्ताराचे तुकडे गोळा करून आपल्यापुढे अखंड चित्र म्हणून ठेवीत असतो. जिथे उडी पडली नाही तिथले आपण आठवणीने भरून काढतो. लपलेली वस्तू नेमकी त्या आठवणीने भरलेल्या जागेत बसलेली असते.

द्रोणाचार्यांनी झाडावरील पक्ष्याकडे बाण रोखायला लावून शिष्यांना काय दिसते म्हणून विचारले, तेव्हा ज्यांना झाड, फांद्या, गुरू आणि बंधू दिसले ते नापास झाले आणि ज्याला पक्ष्याचा डोळाच तेवढा दिसला तो उत्तीर्ण झाला, ही कथा आपण मुलांना पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. वेध घेण्यापुरती ती खरीच आहे. परंतु या चित्रांपुढे बसलो की माझे मन त्या नापास झालेल्या शिष्यांकडे झुकते. अर्जुनाला पक्षी कुठे आहे हे आधीच माहीत होते. ज्याला ते माहीत नाही, त्याने झाड पाहिले पाहिजे, फांद्या पाहिल्या पाहिजेत, आणि आजूबाजूला उभ्या असलेल्या मंडळींकडेही पाहिले पाहिजे, कारण न जाणो, पक्षी त्यांच्यापैकीच कोणाच्या तरी उत्तरीयाच्या घडीत असायचा.

हा खेळ आपल्याकडे कुठून आला, याचा विचार करू लागलो म्हणजे दोन वाटा दिसतात. एक वाट छापखान्याची. युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात अशी कोडे-चित्रे सुटी छापून विकली जात. न्यूयॉर्कच्या करियर आणि आइव्ह्‌ज या प्रकाशकांचे १८७२ सालचे एक चित्र फार गाजले, त्यात एक कोल्हा रानात उभा आहे आणि भोवतालच्या झाडांत घोडा, कोकरू, रानडुक्कर आणि माणसांचे चेहरे दडलेले आहेत. त्याच घराण्यातली चित्रे मुलांच्या मासिकांतून जगभर गेली आणि मराठी मासिकांतही आली. माझी मुले लहान असताना घरी 'किशोर' येत असे. बालभारतीने १९७१ च्या नोव्हेंबरात सुरू केलेले ते मासिक आजही चालू आहे आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर कोणालाही मोफत पाहायला मिळतात, ही मला फार मोठी समाधानाची गोष्ट वाटते. १९८७ साली इंग्लंडमधील मार्टिन हँडफर्ड यांनी तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सदऱ्यातला वॉली गर्दीत हरवून साऱ्या जगातील मुलांना त्याच्या शोधाला लावले. परंतु तो प्रकार निराळा आहे. वॉली गर्दीत हरवतो, रेषेत लपत नाही. त्याच्या सदऱ्याची कड त्याच्या एकट्याच्या मालकीची असते.

दुसरी वाट छापखान्याच्या फार मागे जाते, आणि ती मला अधिक आपली वाटते. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात एका स्तंभशीर्षावर चार हरणे कोरलेली आहेत आणि त्या चौघांत मिळून मस्तक एकच आहे. कोणत्याही एका देहावर नजर ठेवा, ते मस्तक त्याचेच वाटते, त्याच्याच मानेतून निघालेले, त्याच्याच बाजूला वळलेले. दुसऱ्या देहावर नजर न्या, ते विनातक्रार त्याचे होते. पाचव्या शतकातील त्या कारागिराला चार हरणांची चार डोकी कोरणे कठीण नव्हते. त्याने चौघांचे एक सामाईक खाते केले, आणि ते इतक्या न्यायाने केले की आजवर एकाही हरणाचा हिस्सा कमी पडलेला नाही. मी ते शिल्प प्रथम पाहिले तेव्हा लेण्यातील जगप्रसिद्ध बोधिसत्त्वापुढे जितका वेळ उभा राहिलो, त्याहून अधिक वेळ त्या हरणांपुढे उभा होतो, आणि त्याबद्दल मला मुळीच संकोच वाटत नाही.

त्याहीपेक्षा जुने चित्र तीन वर्षांपूर्वी राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर पाहायला मिळाले. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर खोदलेली कातळशिल्पे गेल्या काही वर्षांत मोठ्या संख्येने उजेडात आली. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगावचे सडे तुडवून त्यांचा शोध घेतला, आणि २०२२ साली कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, कुडोपी इत्यादी स्थळांचा, गोव्यातील एका स्थळासह, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. कशेळीला एक हत्ती आहे. तो सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. माणूस त्याच्या शेजारी उभा राहिला तर त्याला हत्ती दिसत नाही. पायांशी जांभ्यात कोरलेल्या काही खाचा दिसतात, एक खाच इकडे वळते, दुसरी तिकडे जाते, तिसरीत पावसाचे पाणी साचलेले असते. त्या खाचांवरून सावकाश चालत गेले, की मग कुठे पाय ध्यानात येतो, पाठ ध्यानात येते. आणि हत्ती ओळखला म्हणून काम संपत नाही, कारण त्याच्या देहरेषेच्या आत मासे आहेत, पक्षी आहेत, लहानमोठे अनेक प्राणी आहेत. एका जनावराच्या पोटात सारा प्राणिलोक वसलेला आहे. यांचे वय किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, काही जण ते थेट मध्याश्मयुगापर्यंत नेतात. ते काही असो, कोकणच्या मातीत कोणी तरी, कोणत्याही मासिकाच्या कितीतरी आधी, दडलेल्या वस्तूंचे एवढे मोठे चित्र काढून ठेवले आणि त्याखाली यादी मात्र लिहून ठेवली नाही.

यादी नाही, ही गोष्ट मला तिथे उभा असताना फार लागून राहिली. यादी असली म्हणजे शोधणाऱ्याच्या मनात छत्री आधी उघडते आणि मग तो ती चित्रात पाहतो. यादी नसली म्हणजे त्याला चित्र काय देते आहे तेच घ्यावे लागते. त्या सड्यांवर गुरे चारणाऱ्यांना या खाचा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होत्या. कित्येक ठिकाणी त्यांना पांडवांची चित्रे म्हणत, आणि शोधकांना वाट दाखवली ती बव्हंशी या गुराख्यांनी आणि गावकऱ्यांनी. चित्र लपले होते ते फक्त तुमच्या-माझ्यासारख्या, त्या वाटेने न जाणाऱ्यांपासून.

इथे मला नोकरीतील एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. शेजारच्या तालुक्यातील एका गावी फेरमोजणीसाठी आम्ही गेलो होतो. तीन शेतांच्या तिवाट्यावर हद्दीचा दगड असल्याचे टिपणात स्वच्छ नमूद होते. अंतरे दिलेली होती, कोन जुळत होते, आणि तरीही आमची साखळी प्रत्येक वेळी एका गोठ्याच्या दारात जाऊन संपत होती, जिथे दगडाचा मागमूस नव्हता. आम्ही दोन दिवस मोजणी केली. पहिल्या मोजणीत चूक असेल असे समजून दुसरी केली, दुसरीत असेल म्हणून तिसरी. दोन्ही बाजूंचे खातेदार हजर होते, पंच हजर होते, आणि जो तो आपापल्या परीने दगड कोणी उपटून नेला असेल याचे तर्क चालवीत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या घरची म्हातारी गोठ्याच्या पायरीवर बसून तांदूळ निवडीत होती. तिने आम्हाला विचारले की, तुम्ही काय शोधता? मी सांगितले. ती उठली, सूप बाजूला ठेवले, लुगड्याच्या पदराने पायरी पुसली आणि म्हणाली की, मी लग्न होऊन आले तेव्हा हा दगड उघड्या शेतात होता, गोठा मागाहून झाला. पायरीच्या पृष्ठभागावर, पावलांनी गुळगुळीत झालेली, खात्याची खूण होती. दगड एक तसूभरही हललेला नव्हता. गोठाच चालत चालत त्याच्यापाशी आला होता, आणि आम्ही सारे दोन दिवस त्याच दगडावर पाय ठेवून आत-बाहेर करीत होतो.

त्या दिवसापासून माझी अशी धारणा झाली आहे की, लपलेली वस्तू बहुधा लपलेली नसते. ती दुसऱ्या कोणत्या तरी कामावर रुजू झालेली असते. दगड पायरीच्या कामावर होता, कंगवा गवताच्या कामावर आहे. आंब्याच्या पानावर बॅरन नावाच्या फुलपाखराची एक हिरवी अळी राहते. तिच्या पाठीवरून पिवळसर रेघ जाते आणि ती पानाच्या मधल्या शिरेवर अशी नेमकी पसरून बसते की तिची रेघ शिरेचे काम करू लागते आणि दोन्ही बाजूंचे बारीक केसाळ काटे पानाच्या हिरवेपणात मिसळून जातात. अमेरिकेतील चित्रकार अ‍ॅबट थेअर आणि त्यांचे चिरंजीव यांनी १९०९ साली प्राण्यांच्या या रंगविद्येवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. निसर्गाचे हे कसब ओळखायला चित्रकाराची नजर लागावी यात मला नवल वाटत नाही. आमच्या घरामागच्या आंब्यावर ती अळी मी नातीला दाखवायला गेलो. मला ती त्या पानावर आहे हे आदल्या दिवशीपासून माहीत होते, तरीही पान हातात घेऊन तिला दाखवताना मला स्वतःलाच ती पुन्हा शोधावी लागली.

विचुंबे गावही असेच वाचता येते, आणि माझ्यासारख्याला ते तसे वाचण्याची सवयच जडली आहे. भातखाचरांच्या जागी आता सात-सात मजल्यांच्या इमारती आहेत, सिडकोच्या नैना आराखड्यात मौजे विचुंबे आले आहे, आणि नवीन राहायला आलेल्या कुटुंबांना इथे पूर्वी काय होते याची कल्पना असण्याचे कारण नाही. परंतु सकाळी फिरायला निघालो म्हणजे एखादी गल्ली सरळ जाता जाता मधेच अकारण वाकते, तिथे मी थांबतो. तो वाक म्हणजे जुना बांध असतो. एखाद्या आवाराची भिंत काटकोन सोडून तिरपी गेलेली असते; ती तिरपी रेषा कोणाच्या तरी वडिलोपार्जित हिश्शाची हद्द असते आणि ती आज वाहनतळाची भिंत म्हणून कामावर आहे. पावसाळ्यात रस्त्याच्या ज्या सखल भागी पाणी भरते, तिथे खाचर होते. पाणी आपली जुनी जागा विसरलेले नाही. हे पाहताना माझ्या मनात खंत नसते. भातशेती गेली याचे दुःख ज्यांचे आहे त्यांचे ते खरे आहे, आणि माझ्या मुलाला याच इमारतींतून घर मिळाले हेही खरे आहे. मला बरे वाटते ते एवढ्याचसाठी की, रेषा गेलेली नाही. ती दुसऱ्या नावाने चालू आहे आणि ओळखणाऱ्याला ओळख देते.

नात त्या पुस्तकाशी चार दिवस खेळली. पहिल्या दिवशी तिने ताईच्या वर्तुळांतील सहाही वस्तू नुसत्या पाहून घेतल्या आणि समईकडे वळली. दुसऱ्या दिवशी पान उलटे धरले. तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी पाऊस थांबल्यावर, आम्ही गच्चीवर गेलो होतो. पूर्वेकडचे ढग उचलले गेले होते आणि प्रबळगड, ज्याला शिवकाळापूर्वी मुरंजन म्हणत, आपल्या शेजारच्या कलावंतिणीच्या सुळक्यासह नितळ दिसत होता. मी तिला म्हटले, ''बघ, दोन डोंगर कसे दिसताहेत.'' ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, ''आबा, मधलं आभाळ बघा. उलट्या टोपीसारखं आहे.'' गडाचा माथा आणि सुळका यांच्यामधली ती खोल खाच मी आयुष्यात कितीदा पाहिली असेल! पनवेलच्या बाजूने येणाऱ्या प्रत्येकाला ती दिसते. परंतु मी नेहमी डोंगर पाहिले होते. मधले आभाळ, त्याच डोंगरांच्या कडांनी कापलेले, टोक खाली करून ठेवलेल्या टोपीसारखे, मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा दिसले, आणि आता गच्चीवर गेलो की आधी तेच दिसते.

चौथ्या दिवशी ती पारंब्यांकडे न पाहता पारंब्यांमधल्या कोऱ्या जागांकडे पाहू लागली. मीही चष्मा पुसून तिच्या शेजारी बसलो. समई उभी असते, पारंब्याही उभ्या असतात. ती जर कुठे असेल तर तिथेच असणार, असा माझा ताईपासून चालत आलेला तर्क होता. दुपारभर आम्ही एकेक पारंबी बोटाने खाली उतरत गेलो. मग तिने एकदम बोट ठेवले. दोन पारंब्या वर जवळ येऊन खाली फाकतात, त्यांच्यामधल्या कोऱ्या कागदाचा एक बगळा होता. लांब मान, आखडलेला एक पाय, खाली वळलेली चोच. मला तो दिसायला थोडा वेळ लागला, पण दिसला तो पूर्ण दिसला. यादीत बगळा नव्हता. चित्रकाराने तो हेतुपुरस्सर काढला की पारंब्या काढताना तो आपोआप उरला, हे ठरवण्याचे कोणतेही साधन आम्हा दोघांपाशी नव्हते.

''आबा, याला गोल करू का?'' तिने विचारले.

मी पेटीतून शिसपेन्सिल काढून तिला दिली. तिने वर्तुळ काढले; ताईच्या वर्तुळांपेक्षा ते थोडे मोठे झाले आणि एका बाजूला पारंबीवर गेले. मग यादीच्या शेवटी, समईच्या पुढे स्वल्पविराम देऊन, तिने आपल्या अक्षरात 'बगळा' असे लिहिले. दुसऱ्या दिवशी तिचे वडील तिला न्यायला आले. पुस्तक मी अजून पेटीत ठेवलेले नाही. गॅलरीच्या दाराशी, जिथे सकाळचे ऊन पडते, तिथे ते त्या पानावर उघडे आहे, आणि चहा घेताना मी पारंब्या पुन्हा वरून खाली पाहतो. समई अजून सापडलेली नाही.